आत अजून एक

बोगद्याच्या कंट्रोल रूममधल्या त्या गृहस्थांना खऱ्या नावाने हाक मारणारं त्यांच्या आईशिवाय कुणी उरलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी त्यांना 'वाटपाहे' करून टाकलं होतं. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. नाव ठेवलं बोगद्याच्या वायरमनने, आणि त्यात त्याची प्रतिभा वगैरे काही नव्हती. माणूसच तसा होता. चहा प्यायला बसले, तर सगळ्यांचे कप रिकामे होईपर्यंत वाटपाहे उठायचे नाहीत. लिफ्टमधून शेवटी बाहेर पडायचे. सासूबाई म्हणायच्या, "जावई सोन्यासारखा, फक्त त्याच्याबरोबर कुठे जाऊ नये. गेलं तर परत निघता येत नाही."

नोकरीला लागले तेव्हा ते बोगद्याच्या तोंडाशी एका खोपट्यात बसून पावत्या फाडायचे. मग कॅमेरे आले, पावत्या गेल्या, आणि पावतीवाल्यांना सांगण्यात आलं की संगणक शिका नाहीतर निघा. बरेच जण निघाले. वाटपाहे शिकले, कारण दोघेतिघे अजून निघायचे होते आणि त्यांच्या आधी निघणं यांना बरं दिसेना. त्यांची निघण्याची वाट बघता बघता संगणकाचं पुस्तक वाचून संपलं आणि वाटपाह्यांना स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायचे हुकूम, लिहिता यायला लागली.

बोगदा डोंगराच्या पोटातून गेलेला, एकाच दिशेच्या वाहतुकीचा. मधे एक वळण होतं, त्यामुळे एका तोंडातून दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसायचा नाही. छताला ओळीने दिवे आणि प्रत्येक दिव्याखाली हालचाल टिपणारा एक डोळा. वीज वाचावी म्हणून दिवे एरवी बारीक असायचे आणि गाडी आली की तिच्यापुरते मोठे व्हायचे.

हे सगळं चालवायची एक स्क्रिप्ट. तिच्यात पंख्यांचं एक मॉड्यूल होतं आणि मोजणीचं एक. दिवेही मोजणीवाल्याकडेच. मॉड्यूल म्हणजे कामाचं गाठोडं समजा. लागलं की लोड करायचं, काम संपलं की अनलोड करायचं. आणि थ्रेड म्हणजे एकेका गाडीमागे लावलेला माणूस. गाडी आत शिरली की स्क्रिप्ट एक थ्रेड सुरू करणार. तो त्या गाडीबरोबर चालणार, पुढचा दिवा मोठा कर, मागचा बारीक कर म्हणत राहणार, आणि गाडी बाहेर पडली की संपणार. संपलेल्या थ्रेडला जमा करून घ्यायला एक फंक्शन असतं, जॉइन नावाचं. ते काही करत नाही. नुसतं थांबतं. थ्रेड परत येईपर्यंत थांबतं. पुस्तकात ते पान आलं तेव्हा वाटपाह्यांना परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं झालं.

पण मूळ स्क्रिप्ट त्यांची नव्हती. ती कुणा घाईच्या माणसाने लिहिली होती. त्याने जॉइनला मुदत घालून ठेवली होती: एवढ्या वेळात गाडी बाहेर आली नाही तर ती आली असं समज, थ्रेड मार, दिवे बारीक कर आणि पुढच्या कामाला लाग. मारायचंही एक फंक्शन असतं. ते कुणाला काही विचारत नाही.

त्या मुदतीत एके दिवशी वाटपाह्यांची बायको सापडली. ती पलीकडच्या बाजूला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, जाताना स्कूटरवर याच बोगद्यातून जायची. दुपारची वेळ, रस्ता रिकामा, आणि वळणाजवळ स्कूटर बंद पडली. ती किक मारत राहिली. मुदत संपली. बाई बाहेर पडल्या असं स्क्रिप्टने समजून घेतलं आणि दिवे घालवले. नुसते बारीक नाही. आत कुणीच नाही म्हटल्यावर पूर्ण. बऱ्याच वेळाने ती पलीकडच्या तोंडातून चालत बाहेर आली. गुडघा फुटलेला, एका बाजूचा हात कोपरापर्यंत काळा. "भिंतीला हात लावून आले," एवढंच म्हणाली आणि पाणी मागितलं.

वाटपाह्यांनी ती मुदत खोडून टाकायची ठरवलं. साहेबांना ते पटेना. एखादा डोळा चुकला, नसलेली गाडी मोजली, तर स्क्रिप्ट कायमची थांबून राहील, असं त्यांचं म्हणणं. आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं.

"अहो वाटपाहे, कुठेतरी समजून घ्यावं लागतं."

"आपण समजून घेतलं म्हणून माणूस बाहेर येत नाही, साहेब."

साहेबांना हे जरा लागलं असावं, कारण त्यांनी परवानगी दिली.

बोगदा धुण्यासाठी बंद ठेवतात तसा एक दिवस ठेवला, गाड्या वळवल्या, आणि वाटपाह्यांनी आपलं नवं मोजणीचं मॉड्यूल लोड केलं. लोड होताना ते आधी प्रत्येक डोळ्याला विचारून घ्यायचं, तुझ्याखाली कुणी आहे का. जो हो म्हणेल त्याच्यासाठी एक थ्रेड सुरू. कामावर रुजू होणाऱ्याने आधी कोण कोण हजर आहे ते बघावं, तसं. बोगदा रिकामा होता. एकेक डोळा नाही म्हणत गेला. वळणाजवळचा एक म्हणाला, आहे.

पडद्यावर आलं: आत एक.

वायरमन टॉर्च घेऊन आत गेला. पट्टीचा माणूस, भूत दिसलं तर आधी त्याचं अर्थिंग तपासेल असा. त्याने आतून फोन केला. "इथे दिवा आहे, दिव्याखाली मी आहे, बाकी कोणी नाही. फक्त मी यायच्या आधीपासून दिवा मोठा आहे." वाटपाह्यांनी पडद्याकडे पाहिलं. आत दोन, असं दिसत होतं. वायरमन बाहेर आला, परत एक झालं. मग त्याने तो डोळा बदलला, वायर बदलली, शेजारचा डोळा इकडे लावून पाहिला. एक काही हलेना.

मग त्याचा विनोद झाला. विनोद झाला की माणसाला काही करावं लागत नाही. 'वाटपाह्यांचा पाहुणा' म्हणून तो बोगदाभर प्रसिद्ध झाला. गाड्यांना त्याचा त्रास नव्हता. त्या सुसाट त्याला ओलांडून जायच्या, आणि वेगावरून कोण गाडी आणि कोण पाहुणा हे स्क्रिप्टला बरोबर कळायचं. वाहतूक चालू असताना सगळे दिवे कमीजास्त होत असत, त्यात एक दिवा कोण बघतो. दिसायचा तो बोगदा धुण्याच्या दिवशी. सगळा अंधार आणि वळणाजवळ उजेडाचा एकच गोळा, खाली ओला रस्ता चमकतोय आणि त्यावर कोणी नाही. धुणाऱ्या बायका तेवढा तुकडा सोडून धुवायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, तो धुतलेलाच असतो.

वाटपाह्यांनी घरी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"कुठे म्हणालात?"

"वळणाजवळ. तुझी स्कूटर बंद पडली होती ना, तिथेच साधारण."

तिने घडी खाली ठेवली. मग म्हणाली, "अहो, मी एकटी नाही आले त्या दिवशी."

दिवे गेल्यावर ती घाबरून उलट दिशेला चालायला लागली होती. तेवढ्यात पाठीमागे, बाहेर पडायच्या बाजूला, कुणाची तरी पावलं वाजली आणि ती वळली. हिला वाटलं, आपल्यासारखीच कुणाची गाडी अडकली असेल. ते माणूस काही बोललं नाही, फक्त चाललं, आणि ही भिंतीला हात लावून त्या आवाजामागे चालत राहिली. वळण संपून बाहेरचा उजेड दिसला तशी पावलं थांबली. ही त्याला ओलांडून पळत बाहेर आली.

"मग मागे वळून पाहिलं नाहीस?"

"नाही पाहिलं," ती म्हणाली. "मला बाहेर काढलं आणि आपण आत राहिलं. मी एवढंही म्हटलं नाही की चल."

त्या दिवसापासून पाहुण्याचा विनोद त्या घरापुरता संपला. बोगदा धुवायचा दिवस आला की संध्याकाळी बायको विचारायची, "कुठवर आलं?" आणि वाटपाहे सांगायचे. कारण ते येत होतं. फार सावकाश, एखाद्या हंगामात एखादा दिवा, पण बाहेरच्या तोंडाकडे. कधी महिनोन् महिने एकाच दिव्याखाली. तेव्हा ती म्हणायची, दमलं असेल. मग वाटपाहे भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि त्यांना झोप यायची नाही.

अशी वर्षं गेली. डोंगराला वळसा घालून नवा रस्ता झाला आणि बोगद्याचं काम संपलं. दोन्ही तोंडांना भिंत घालून तो बंद करायचं ठरलं. आणि गवंड्यांनी नेमकी सुरुवात केली ती बाहेरच्या तोंडाकडून, कारण सावली त्या बाजूला होती.

यंत्रणा उतरवायला एक तरुण मॅडम आल्या. हुशार, लॅपटॉपवर भराभर बोटं चालवणाऱ्या, आणि पहिल्याच वाक्यात वाटपाह्यांना 'काका' करून टाकणाऱ्या. कंट्रोल रूम बाहेरच्या तोंडाच्या डोक्यावरच होती, लोखंडी जिना चढून जावं लागायचं. खिडकीतून खाली गवंडी दिसत होते. भिंत त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली होती.

मॅडमनी पंख्यांचं मॉड्यूल अनलोड केलं. डोंगराच्या पोटातली घरघर थांबली, आणि इतक्या वर्षांत ती आपल्याला ऐकू येत होती हे वाटपाह्यांना तेव्हा कळलं. मग मोजणीचं मॉड्यूल. ते निघेना. आत थ्रेड चालू असताना मॉड्यूल काढता येत नाही. शिडीवर माणूस असताना शिडी काढण्यासारखं ते.

"काका, एक थ्रेड आहे."

"हो."

"गाडी आहे आत?"

वाटपाह्यांनी सगळं सांगितलं. पोरगी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिने त्या थ्रेडचं सगळं उलटंपालटं करून पाहिलं. काही अडकलेलं नव्हतं, काही बिघडलेलं नव्हतं. तो सरळ, निरोगी थ्रेड होता. वयाने यंत्रणेतला सगळ्यात मोठा. आता शेवटच्या काही दिव्यांत आला होता.

"मारू?" तिने विचारलं. धंद्यातला शब्द आहे तो, दिवसातून चारदा वापरतात.

"थोडं थांबू या का?"

"किती?"

हा प्रश्न वाटपाह्यांना आयुष्यभर सगळ्यांनी विचारला होता. तेवढ्यात साहेबांचा फोन आला की आज भिंत पुरी झाली पाहिजे, दुसऱ्या तोंडाची उद्या. वाटपाह्यांनी खाली पाहिलं. भिंत मांडीपर्यंत आली होती. त्यांनी बायकोला फोन लावला. का लावला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते बोलले फक्त एवढंच, की या तोंडाला भिंत घालताहेत आणि ते अजून आत आहे.

दुकानातून ती रिक्षाने आली. वर जिना चढलीच नाही. त्या दिवशी बोगद्यात फुटलेला गुडघा इतक्या वर्षांत नीट बसलाच नव्हता. ती थोडं चालायची, थांबायची, परत थोडं चालायची. ती गवंड्यांशी काहीतरी बोलली. एकाने तिला हात दिला आणि ती अर्धवट भिंत ओलांडून आत गेली.

वाटपाहे खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, आणि परत पडद्याकडे आले, कारण ती आता इथेच दिसणार होती. आत दोन. पहिला दिवा मोठा झाला. दुसरा. मग जरा थांबणं. तिसरा, चौथा, परत थांबणं. तिची चाल. अंधाऱ्या बोगद्यात उजेडाचा एक गोळा लंगडत आत चालला होता आणि दुसरा त्याची वाट बघत उभा होता. दोन्ही एका दिव्याखाली आले आणि तिथे बराच वेळ राहिले.

"त्या काय करताहेत?" मॅडमनी विचारलं. आवाज आपोआप हळू झाला होता.

"चल म्हणत असेल," वाटपाहे म्हणाले.

मग तो दिवा बारीक झाला आणि अलीकडचा मोठा झाला. दोन्ही थ्रेड एका दिव्याखाली. पुढचा दिवा, दोन्ही त्याच्याखाली. जे एका हंगामात एक दिवा सरकायचं ते आता माणसाच्या चालीने चालत होतं, दोन दिवे झाले की थांबत, परत चालत. वाटपाह्यांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. शेवटचा दिवा. दोन्ही शेवटच्या दिव्याखाली आले.

एक थ्रेड संपला. जॉइनने त्याला जमा करून घेतलं. इतकी वर्षं थांबून राहिलेली ती ओळ पडद्यावरून गेली आणि खाली नवी आली: आत एक.

खिडकीखाली बायको भिंत ओलांडून बाहेर आली. तिने गवंड्याचा हात घेतला नाही.

मॅडमनी राहिलेला थ्रेड उघडून पाहिला. जुना, वर्षानुवर्षांचा होता तो संपला होता. राहिला होता तो थोड्या वेळापूर्वी सुरू झालेला, वाटपाह्यांची बायको आत शिरली तेव्हाचा.

"काका, घाबरू नका," ती म्हणाली. "दोघं एकाच चालीने चालत होते. गाडी असती तर वेगावरून कळलं असतं. बाहेर एकच जण पडलं, पण कोण ते स्क्रिप्टला कसं कळणार? तिने दोघांतला एक निवडला. नावाची अदलाबदल झाली, बस."

हे खरं होतं. स्क्रिप्ट वाटपाह्यांचीच, चूकही त्यांचीच, आणि ती कुठल्या ओळीत आहे हेसुद्धा त्यांना माहीत होतं. त्यांनी मान डोलावली.

मग शेवटचा दिवा बारीक झाला आणि त्याच्या आतला मोठा झाला.

ते परत आत निघालं होतं. पण पूर्वीसारखं हंगामात एक दिवा असं नाही. दोन दिवे चाललं, थांबलं. परत दोन दिवे, परत थांबलं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली पाहिलं, मग तिने हळूच आपले हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

जिन्यावर पावलं वाजली. एका दमात, न थांबता. बायको आत आली. चेहऱ्यावर घाम, पण चेहरा उजळलेला.

"आलं ना बाहेर?"

वाटपाहे तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावरचा घाम, कानामागे सरकवलेली बट, दुकानाचा बिल्ला. सगळं होतं.

"आलं," ते म्हणाले.

"मला वाटलंच. शेवटी शेवटी माझ्या पुढून कुणीतरी निघून गेल्यासारखं झालं." तिने पदराने मान पुसली. "किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. हे बघा, जिना चढले तरी दुखलं नाही." आणि तिने गुडघा वाकवून, सरळ करून दाखवला.

साहेबांचा फोन वाजला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला. साहेब विचारत होते, मॉड्यूल निघालं का, मशीन उचलायला गाडी पाठवू का. मॅडमनी वाटपाह्यांकडे पाहिलं आणि ओठांनीच विचारलं, आवाज न करता: मारू?

मारायला एक ओळ पुरते. थ्रेडचा क्रमांक द्यायचा आणि एंटर. थ्रेडला काही कळत नाही, तो जिथे असेल तिथे नाहीसा होतो, दिवे जातात, मॉड्यूल मोकळं होतं. वाटपाह्यांनी पडद्याकडे पाहिलं. उजेड वळणाकडे चालला होता. दोन दिवे, थांबला. गुडघा चोळायला माणूस थांबतं, तितकंच.

त्यांनी मान हलवली. नको.

"सर," मॅडम फोनमध्ये म्हणाली, "हा थ्रेड मारता येत नाहीये. जबरदस्ती केली तर सगळी यंत्रणा बसेल. तसंच चालू ठेवावं लागेल." तिच्या एवढ्याशा नोकरीतलं हे बहुधा पहिलंच धडधडीत खोटं असावं, ते तिने इतकं सुरेख सांगितलं की वाटपाह्यांना तिच्याबद्दल जरा काळजी वाटली. साहेब म्हणाले, विजेचं बघता येईल, भिंत मात्र थांबणार नाही. गवंड्यांना हे सांगायचं काम वायरमनकडे आलं. तो खाली जाऊन सांगून आला आणि येताना, कुणी न सांगता, दिव्यांच्या वायरीपुरतं एक भोक भिंतीत ठेवायला लावून आला.

खाली विटा चढत होत्या. थापीचा आवाज येत होता. मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि निघताना वाटपाह्यांना वाकून नमस्कार केला, जे एरवी तिने केलं नसतं.

"चला ना आपणही," बायको म्हणाली. "तुमचं किती राहिलंय?"

"एकच," वाटपाहे म्हणाले. "तू हो पुढे."

ती हसली आणि निघाली. लोखंडी जिन्यावरून ती दोन दोन पायऱ्या उतरत गेल्याचा आवाज आला. वाटपाह्यांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर उजेड वळणापाशी पोचला होता आणि तिथे थांबला होता. त्यांनी वाकून त्याच्या पुढचा, वळणापलीकडचा, उद्यापर्यंत उघड्या असलेल्या तोंडाकडचा दिवा हाताने मोठा करून ठेवला.